आजोबांची शिकारवही आणि हरणांच्या वासाच्या खुणा

पेठेतला_भटक्या:

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या आवराआवरीत सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावरून आजोबांची, म्हणजे आईच्या वडिलांची, एक वही हाती लागली. लाल कापडी बांधणीची, हिशेबाच्या वहीसारखी लांबट. आजोबा मुळशीकडचे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा येण्याआधी त्यांच्याकडे बारा बोअरची बंदूक आणि शिकारीचा परवाना होता. ते शिकार करायचे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याचा अभिमान वाटत नाही, पण ते लपवावंसंही वाटत नाही. भिंतीवर सांबरशिंगांची एक जोडी होती, तिचं मालकीपत्र वडिलांनी वनखात्याकडून रीतसर करून घेतलं होतं.

मला वाटलं होतं वहीत किती मारले याचीच यादी असेल. तसं निघालं नाही. मारलेल्या जनावराला एखादी ओळ, आणि ज्याची नुसती वाट बघितली त्याला दोन-दोन पानं. मचाणावर, पाणवठ्याशी, ओढ्याच्या काठी रात्र रात्र बसून त्यांनी जे बघितलं ते पेन्सिलीने टिपून ठेवलंय. काही नोंदी जशाच्या तशा देतो:

"ऐनाची साल कमरेइतक्या उंचीवर सोललेली. आतला गाभा ओला, हाताला चिकट. रात्रीच गेलंय. मोठं सांबर."

"लोळणीच्या चिखलाला उग्र दर्प. कुत्रं पुढे जाईना."

"भेकर चार पावलं चालतं, थांबतं, तोंड खाली घालून कपाळ भुईला लावतं. चरत नाही. मग काय करतं?"

"नर मागच्या दोन पायांवर उभा राहिला, माणसासारखा. वरच्या फांदीत शिंगं घातली, तोंड घासलं. फांदीला पाला नव्हता. खायला नव्हे."

आणि ही नोंद वाचून मी बराच वेळ थांबलो:

"आजचा नर धडधाकट. पण गळ्याखाली बंद्या रुपयापेक्षा मोठी जागा उघडी, केस नाहीत, लाल, ओलसर. रोग असावा. मानेकडचं मांस टाकून दिलं."

जाणकारांनी सांगावं. हे सगळं वासाच्या खुणा करणं आहे का? आणि तो गळ्याखालचा व्रण कसला? आपल्या पुणे जिल्ह्यात आज या गोष्टी कुणाला बघायला मिळाल्या आहेत का?

---

निवांत_रविवार:

जबरदस्त वही आहे. जपून ठेवा. शक्य झालं तर सगळी पानं स्कॅन करा.

---

जीवशास्त्रवाली:

भटक्या, तुझे आजोबा फार नीट बघणारे होते. "फांदीला पाला नव्हता. खायला नव्हे." ही एवढी ओळ लिहायला डोळा लागतो. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. मुलांना पहिली गोष्ट हीच सांगते की जनावर काय करत नाहीये तेही लिहा.

आधी एक गोष्ट साफ करू. आपण सरसकट "हरीण" म्हणतो त्यात दोन वेगळी कुळं येतात. सांबर, चितळ, भेकर हे सारंग. यांची शिंगं भरीव, गळतात आणि पुन्हा उगवतात. काळवीट, चिंकारा, चौसिंगा हे कुरंग. यांची शिंगं पोकळ आणि आयुष्यभराची. आपल्याकडच्या या दोन्ही कुळांतल्या जनावरांना डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली एक खाच असते. तिच्यात ग्रंथी असते, तिच्यातून तेलकट स्राव येतो. सांबर चिडलं, घाबरलं किंवा माजावर आलं की ही खाच इतकी उघडते की लांबून जादा डोळा असल्यासारखी दिसते. काळविटाच्या चेहऱ्यावरचा ओघळ बघून लोक "हरीण रडतंय" म्हणतात. ते अश्रू नसतात.

आता एकेक नोंद.

ऐनाची साल: शिंगांवरची मखमल, म्हणजे शिंगं वाढताना त्यांच्यावर असलेली लवदार कातडी, सुकली की सांबर ती झाडावर घासून काढतं, हे खरंच. पण मखमल निघून गेल्यावरही घासणं थांबत नाही. कपाळ, डोळ्याखालची खाच आणि लाळ, तिन्ही सालीला लागतात. साल सोललेली असल्याने खूण डोळ्याला दिसते, आणि ओल्या गाभ्यावर वास धरून राहतो. एकाच झाडावर दोन निरोप.

मागच्या पायांवर उभं राहणं: सांबर आणि चितळ दोघांतही हे आढळतं. इंग्रजीत याला "प्रीचिंग" म्हणतात, प्रवचन देणाऱ्यासारखा उभा राहतो म्हणून. डोक्यावरची फांदी वाकवून तिला शिंगं आणि चेहरा घासायचा. उंचावर ठेवलेला वास वाऱ्यावर लांब जातो, आणि जो जास्त उंच पोचला त्याचं शरीरही मोठं असणार.

भेकराचं कपाळ: भेकराच्या चेहऱ्यावर डोळ्यांपासून वर शिंगांच्या मुळापर्यंत इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन उंच कडा असतात, त्यांच्या आत ग्रंथी असतात. शिवाय डोळ्याखालच्या खाचा आहेतच, आणि त्या भेकर जवळजवळ उलट्या करून बाहेर काढू शकतं. आजोबांनी विचारलेल्या "मग काय करतं?" याचं उत्तर हे: ते जमिनीला आणि गवताला कपाळाचा वास लावत होतं.

गळ्याखालचा व्रण: हा मात्र खास सांबराचा. इंग्रजी शिकारी त्याला "सोअर स्पॉट" म्हणत. गळ्याच्या खालच्या बाजूला केस गेलेला, लालसर, ओल सुटणारा डाग. नरात दिसतो, मादीतही दिसतो, आणि माजाच्या दिवसांत जास्त ठळक होतो. यावर दोन मतं मांडली गेली आहेत. एक म्हणजे तिथे ग्रंथी आहे आणि स्राव झाडाला घासला जातो. दुसरं म्हणजे परजीवी कृमींमुळे ती जागा चिघळते. धडधाकट जनावरांतही इतका नेहमी, इतक्या ठरावीक जागी आणि ठरावीक काळात दिसतो, म्हणून माझा कल पहिल्या मताकडे आहे. त्या नोंदीवर महिना आहे का?

---

पेठेतला_भटक्या:

ताई, मनापासून आभार. महिना आहे: मार्गशीर्ष.

---

जीवशास्त्रवाली:

मग बरोबर बसतं. मध्य भारतात सांबरांचा माज नोव्हेंबर-डिसेंबरात भरात असतो.

---

गुरांचा_डॉक्टर:

मी गुरांचा डॉक्टर, शिरूर भागात काम करतो. जंगली जनावरांचा माझा अभ्यास नाही. पण हे सगळं वाचताना वाटलं की ज्याच्या दारात एखादा बोकड आहे त्याला हे अर्धं आधीच माहीत आहे.

बोकड माजावर आला की स्वतःच्या पुढच्या पायांवर, दाढीवर मूततो. शेतकरी म्हणतात, "डॉक्टर, याला काहीतरी झालंय." काही झालेलं नसतं. तो अंगाला वास लावून घेत असतो. सांबर लोळणीत आधी मूततं आणि मग त्याच चिखलात लोळतं, ते हेच. आजोबांचं कुत्रं पुढे जाईना यात मला नवल वाटत नाही.

दुसरी गोष्ट. रेडा किंवा वळू म्हशी-गायीच्या मुताचा वास घेतो, मान वर करतो आणि वरचा ओठ मुडपून हिरडी दाखवत क्षणभर तसाच थांबतो. लोकांना वाटतं हसतोय. टाळूच्या पुढच्या भागात, वरच्या हिरडीमागे, दोन बारीक छिद्रं असतात. ती एका वेगळ्या घ्राणेंद्रियात उघडतात. डेन्मार्कच्या जेकबसन नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने १८१३ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला जेकबसनचं इंद्रिय म्हणतात. हवेत उडणारा वास नाकाला कळतो. मुतातला, स्रावातला जड भाग या इंद्रियाकडे ओढून घ्यावा लागतो, त्यासाठी तो ओठ मुडपणं. हरणांतही अगदी हेच दिसतं. मादी माजावर आहे की नाही हे नराला यातून समजतं.

कात्रजच्या प्राणीसंग्रहालयात सकाळी लवकर जाऊन चितळांच्या खंदकासमोर तासभर नुसते उभे राहा. नर मादीच्या मागे फिरतो, ती मूतते, तो तोंड लावतो, मग ओठ वर. मी मुलीला घेऊन गेलो होतो तेव्हा तिला हे दाखवलं. आसपासचे लोक वाघ बघायला पळत होते.

---

विस्कॉन्सिनकर:

मी मूळचा पुण्याचा, १४ वर्षं अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहतो. इथे पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार कायदेशीर आहे, परवाना आणि हंगाम ठरलेला. बंदुकीचा हंगाम नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि त्या सकाळी आमच्या गावातली निम्मी माणसं रानात असतात. मी बंदूक धरत नाही. पण माझा शेजारी जुना शिकारी आहे, आणि त्याच्याबरोबर ऑक्टोबरात दोन-तीनदा रान फिरलोय. भटक्यांच्या आजोबांची वही वाचून मला तोच आठवला.

त्याने मला एक जागा दाखवली. मेपलची एक फांदी माझ्या छातीच्या उंचीवर आडवी आलेली, टोकाची काडी चघळून कुंचल्यासारखी झालेली. तिच्या बरोबर खाली पाचोळा बाजूला सारून परातीएवढी जमीन उकरलेली. काळी ओली माती, तिच्यात एकच खूर उठलेला. वाकलो तर घोड्याच्या तबेल्यासारखा तिखट वास आला. शेजारी म्हणाला, हात लावू नकोस. मी वाकूनच उभा राहिलो.

याला इथे "स्क्रेप" म्हणतात. क्रम ठरलेला असतो. नर आधी वरची काडी तोंडात घेतो, चाटतो, तिला कपाळ आणि डोळ्याचा कोपरा घासतो. मग पुढच्या पायांनी जमीन उकरतो. त्याच्या खुरांच्या बेचक्यातही ग्रंथी असते, म्हणजे उकरतानाच वास लागला. मग मागचे दोन्ही पाय जवळ आणून असा मूततो की मूत पायांच्या सांध्यांच्या आतल्या बाजूने ओघळत खाली येतं. तिथे केसांचे झुबके असतात, त्यांना टार्सल ग्रंथी म्हणतात. ते झुबके तेलकट असतात, मुतातले घटक धरून ठेवतात आणि त्यांच्यावर जिवाणू वाढतात. प्रत्येकाचा वास त्यामुळे वेगळा होतो. माजातल्या मोठ्या नराचे हे झुबके जवळजवळ काळे पडलेले असतात. शेजारी ते बघून वयाचा अंदाज करतो.

मला वाटायचं स्क्रेप म्हणजे "ही माझी हद्द" अशी पाटी. शेजाऱ्याने तिथे आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधला होता. त्याच्या चित्रांत एकाच उकरलेल्या जागेवर चार वेगवेगळे नर आले, दोन माद्याही आल्या, आणि बहुतेक सगळे रात्री. कुणी कुणाला हाकललं नाही. प्रत्येकाने वास घेतला, आपला ठेवला, निघून गेला. गावच्या पारासारखी जागा आहे ती.

एक काळजीची गोष्टही सांगतो. इथे दुकानात बाटलीत हरणाचं मूत विकायला असतं, शिकारी ते अशा जागी शिंपडतात, नर यावा म्हणून. पण हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा मेंदूचा जीवघेणा रोग पसरलाय. १९६७ मध्ये तो कोलोरॅडोत पहिल्यांदा नजरेस आला, आमच्या विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये सापडला. त्याचं कारण म्हणजे प्रिऑन, बिघडलेलं प्रथिन. ते लाळेतून, मुतातून, लेंड्यांतून बाहेर पडतं आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतं. ज्या जागी रानातली सगळी हरणं तोंड लावतात तीच जागा रोग पोचवते. काही राज्यांनी म्हणून नैसर्गिक मुताच्या आमिषावर बंदी घातली आहे. माझ्या शेजाऱ्याने सक्तीची वाट न बघता ते वापरणं सोडलं.

---

सुप्याचा_पोरगा:

सगळ्यांना रामराम. मी बारामती तालुक्यातला, सुप्याजवळचा. आमची मेंढरं आहेत, वडील आणि चुलते अजून वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या रानातल्या तळावर, असतात, मी पुण्यात नोकरी करतो आणि शनिवार-रविवार गावी. विस्कॉन्सिनकर दादांनी पार म्हटलं ते लई पटलं. आमच्याकडं चिंकाऱ्याचं तसंच असतं, फक्त झाडाऐवजी लेंड्यांचा ढीग.

मयूरेश्वर अभयारण्य आमच्या शेजारीच. चिंकाऱ्यासाठी १९९७ साली झालं, जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं. पण हरणाला काय कुंपण माहीत नाही. ती बाहेर माळावर, कोरडवाहू रानात, बांधाकडंला पण असतात. सातबाऱ्यावर त्या जमिनीपुढं पोटखराबा लिहिलेलं असतं. पोटखराबा म्हणजे कामाची नाही ती जमीन. माझे आजोबा मेंढरं घेऊन तिथनं जाताना काठीनं दाखवायचे, "ह्यो ढीग मी तुझ्याएवढा होतो तवापासनं हितंच हाय." ढिगातल्या लेंड्या त्याच नसणार हे मला कळतं. पण जागा तीच.

ढीग जवळनं बघितला तर असा असतो: उघड्या मुरमाड जागेवर, आजूबाजूला गवत तुडवून बसलेलं. मधल्या लेंड्या काळ्या, तुळतुळीत, तुरीच्या दाण्याहून जराशा मोठ्या, एका बाजूनं टोकदार. त्याखाली तपकिरी. कडंला उन्हानं पांढऱ्या पडलेल्या, बोटानं दाबल्या की भुसा होतात. नर येतो, नाक खाली घालून ढीग हुंगतो, पुढच्या खुरानं दोन-तीनदा माती ओढतो, मग अंग ताणून मूततो आणि लगेच खाली वाकून लेंड्या टाकतो. सगळं मिळून मिनिटभर. मग मान वर करून चारीकडं बघतो. मेंढरं आडवी गेली तर दहा पावलं सरकतो आणि परत येतो.

---

कॅमेरा_घेऊन:

सुप्याचा_पोरगा, दादा तुम्ही लिहीत राहा.

---

जीवशास्त्रवाली:

वा! तुझ्या आजोबांचं वाक्य मी वर्गात सांगणार आहे. आधी मूत आणि लागलीच लेंड्या हा क्रम चिंकाऱ्याच्या सगळ्या गणगोतात, म्हणजे जगभरच्या गॅझेल कुरंगांत, दिसतो.

काळविटाचं मी स्वतः बघितलेलं सांगते. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी, पूर्वीचा नगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. १९८० पासून काळविटांचं अभयारण्य, तेही अवघं दोन-सव्वादोन चौरस किलोमीटर. एक पूर्ण काळा नर सकाळी सातपासून एका पट्ट्यात येरझाऱ्या घालत होता. मान मागे टाकलेली, नाक आभाळाकडे, शेपटी पाठीवर वळवलेली, डोळ्याखालच्या खाचा उघड्या. मग तो थांबला. गवताची एक सरळ काडी निवडली. डोकं तिरकं केलं आणि त्या काडीचं टोक, आपण सुईत दोरा ओवताना धरतो तितक्या हळुवारपणे, डोळ्याखालच्या खाचेत घातलं. इतकं मोठं पीळदार शिंगांचं जनावर, आणि डोळ्याच्या इतक्या जवळ काडी. क्षणभर स्थिर. मग डोकं काढून घेतलं आणि पुढे गेला.

दोन तासांनी कळप लांब सरकल्यावर वनरक्षक दादांनी वाटेलगतची तशीच एक काडी दाखवली. शेंड्यावर मोहरीएवढा काळा, चकचकीत थेंब, वाळलेल्या डिंकासारखा. मला स्वतःला काहीच वास आला नाही. नाकाशी नेलं तरी नाही. विस्कॉन्सिनकरांचा तिखट वास माणसाच्या नाकाला कळतो, हा नाही. माझ्या मनात तेव्हापासून हे बसलंय की आपण माळावरून चालतो तेव्हा बाजूला असे किती थेंब असतात आणि आपल्याला एकही कळत नाही.

चेन्नईजवळ वंडलूरच्या प्राणीसंग्रहालयातल्या काळविटांवर याचा बारकाईने अभ्यास झाला आहे. मूत, लेंड्या, डोळ्याखालची ग्रंथी आणि खुरांमधली ग्रंथी, चारही प्रकारच्या खुणा मोजल्या गेल्या. कळपात ज्याचं स्थान वरचं, तो नर खुणा जास्त करतो.

शिंगांची झुंज महाग असते. त्यात डोळा जातो, पाय मोडतो. समोरचा किती तयारीचा आहे हे थेंबावरून आधीच कळलं तर बऱ्याच झुंजी होतच नाहीत.

---

निवांत_रविवार:

सुप्याचा_पोरगा, ती चिंकाऱ्याची जागा नेमकी कुठे? मॅपची पिन टाकता का? येत्या रविवारी आम्ही सात-आठ मित्र गाडी घेऊन येऊ शकतो.

---

सुप्याचा_पोरगा:

दादा, राग मानू नका, पिन टाकणार नाही. कारण सांगतो.

वर सगळ्यांनी जे लिहिलंय त्याचा अर्थ असा की हरीण एका ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा येतं. ही गोष्ट ज्याला हरीण बघायचंय त्याच्या कामाची, आणि ज्याला मारायचंय त्याच्याही कामाची. चार वर्षांपूर्वी माझ्या चुलत्याला अशाच ढिगाकडं जाणाऱ्या पायवाटेवर, बोरीच्या बुडाला, मोटारसायकलच्या क्लचवायरचा फास सापडला. हरणाच्या गळ्याच्या उंचीवर बांधलेला. चुलत्यानं वनखात्याला फोन केला, लोक आले, फास काढून नेला. कुणी लावला ते कळलं नाही. ज्यानं लावला त्याला ढीग माहीत होता एवढं खरं. असं काही कुणाला दिसलं तर १९२६ वर फोन करा, वनखात्याची हेल्पलाइन आहे.

आणि मारायचं नसलं तरी. मागच्या उन्हाळ्यात पुण्याकडच्या गाड्या आल्या होत्या, माळावर चाकं फिरवायला. कोण होते ते मला लिहायचं नाही. आजोबांनी दाखवलेल्या ढिगावरनं टायर गेले. लेंड्या मातीत दाबल्या, वर डिझेलचा वास. तीन आठवडे तिथं एक ताजी लेंडी पडली नाही. मी दर शनिवारी जाऊन बघायचो. नर दुसऱ्या नराच्या रानात घुसायला लागला, दोघं झुंजताना वडिलांनी दोनदा बघितले. चौथ्या आठवड्यात जुन्या जागेपासनं वीस-पंचवीस पावलांवर नवा ढीग सुरू झाला.

तुम्हाला यायचंय ना, या. सात-आठ नको, दोघं या. गाडी गावात लावा. मी घेऊन जातो, चालत. लांबनं, बांधाआड बसून बघू.

---

निवांत_रविवार:

बरोबर आहे तुमचं. मी हा विचारच केला नव्हता. माफ करा. दोघंच येऊ, आणि तुम्ही म्हणाल तिथून बघू.

---

विस्कॉन्सिनकर:

सुप्याचा_पोरगा यांचं शंभर टक्के बरोबर. माझा शेजारीही त्याचे स्क्रेप स्वतःच्या भावाला दाखवत नाही.

---

गुरांचा_डॉक्टर:

यात एक भर. माळावर चर खणून झाडं लावायचे कार्यक्रम होतात, चांगल्या मनाने होतात. शिरूरकडे मी दोनदा आयोजकांना सांगून पाहिलं की गवताळ माळ हा उजाड नसतो, चिंकारा, लांडगा, खोकड, चंडोल यांचं घरच तो आहे. एकदा ऐकलं, एकदा नाही. आता मी आधी जागेवर चक्कर मारतो आणि लेंड्यांचे ढीग दिसले तर फोटो घेऊन सरपंचांकडे जातो. शेतकरी माणसाला ढीग दाखवला की पटतं. त्याच्या गुरांचीही बसायची जागा ठरलेली असते.

---

कॅमेरा_घेऊन:

एक शंका. कस्तुरीमृगाची कस्तुरी म्हणजेही हेच का?

---

जीवशास्त्रवाली:

हो, तीही वासाचीच ग्रंथी. पण कस्तुरीमृग हिमालयातला, आणि सारंगांच्या कुळातला नव्हे, त्याचं कूळच वेगळं. शिंगं नसतात, नराला सुळे असतात. कस्तुरीची पिशवी फक्त नराला, बेंबी आणि जननेंद्रियाच्या मधे. शिवाय शेपटीला एक ग्रंथी असते, ती तो काड्यांना आणि खुंटांना घासतो. हे जनावर स्वतःचा वास शोधत रानोमाळ फिरतं असं आपण कीर्तनात ऐकतो. प्रत्यक्षात तो वास त्याने दुसऱ्यांसाठी ठेवलेला असतो. माणसाने त्या पिशवीपायी त्याला संपवत आणलंय.

भटक्या, वहीत अजून काय आहे?

---

पेठेतला_भटक्या:

ताई, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. हे लिहावं की नाही असा दोन दिवस विचार करत होतो.

वही शेवटापर्यंत वाचली. ज्या ऐनाची नोंद वर दिली, तेच झाड सलग पाच हिवाळे वहीत येतं. "ऐनाला या वर्षीही लागलाय." "खूण गेल्या सालापेक्षा वर." आजोबा एका नराला ओळखत होते असं दिसतं, झाडावरच्या उंचीवरून. पाचव्या वर्षी त्यांनी त्याला त्याच झाडाजवळ मारला. नोंद फक्त एवढी: "ऐनाजवळ. वारा माझ्याकडे. त्याला कळलं नाही."

पुढच्या पानावर तीन दिवसांनंतरची नोंद: "झाडाशी गेलो. नव्याने घासलेलं. खूण खाली आहे, लहान नर. गाभा ओला."

त्यानंतर दोन वर्षं नोंदी आहेत. तारखा, वारा, कोण आलं, कुठे घासलं. बंदुकीचा उल्लेख एकदाही नाही. आईला विचारलं. ती म्हणाली, "बाबा पुढे पुढे नुसतेच जाऊन बसायचे, डबा घेऊन. आम्ही विचारायचो आज काय मिळालं, तर हसायचे." मग कायदा आला. तोवर त्यांनी बंदूक जमा करून टाकली होती.

ते झाड आता नाही. त्या उतारावर बंगले झालेत, मी गेल्या आठवड्यात जाऊन पाहिलं.

सुप्याचा_पोरगा, मलाही यायचंय. आईला घेऊन येऊ का? ती ७१ वर्षांची आहे, चालते चांगली.

---

सुप्याचा_पोरगा:

आईंना नक्की आणा. पहाटे साडेपाचला पोचा, उजाडायच्या आत बांधाला बसायला पाहिजे. अत्तर, पावडर काही लावू नका, उदबत्तीचा वास असलेली शाल पण नको. माझी आई भाकरी करून देईल.

---

पेठेतला_भटक्या:

काल जाऊन आलो. बाकीचं नंतर सविस्तर लिहीन, फोटो काढले नाहीत. रात्री आईने आजोबांच्या वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलं, ते तिच्या परवानगीने देतो:

"सुपे. वारा पूर्वेचा, मंद. सात वाजून दहा मिनिटांनी नर आला. ढीग हुंगला, माती ओढली, मूतला, लेंड्या टाकल्या. आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. मग शिंकल्यासारखा आवाज केला आणि गेला. एक मादी मागून आली, तिनेही हुंगलं. आम्ही शंभर पावलांवर होतो."

---

जीवशास्त्रवाली:

वडिलांचीच लेक. त्यांना माझा नमस्कार सांग.

---

सुप्याचा_पोरगा:

दादा, तुम्ही गेल्यावर रात्री भुरभुर पाऊस झाला. लेंड्या धुपल्या असतील असं वाटलं म्हणून सकाळी बांधावरनं दुर्बिणीनं बघितलं. वरच्या ताज्या आहेत. आईंना सांगा.